कोणाचा रे तू?

रत्नागिरीचा माणूस जन्मतःच संशयी असतो, असा घाटावर एक समज आहे. तो चुकीचा आहे. पहिले अकरा दिवस त्याचा कोणावरही संशय नसतो. बाराव्या दिवशी बारशाला आलेले वाळे चांदीचे की जर्मन सिल्व्हरचे, यावर घरातल्या बायकांची कुजबुज सुरू होते आणि पाळण्यातले कान टवकारतात. पुढचे शिक्षण आपोआप होते. मिरकरवाड्यावर सुरमई घेताना तो कल्ला उचलून आत बघतो, मग बोटाने दाबून बघतो, मग कोळणीच्या चेहऱ्याकडे बघतो, आणि तिन्ही साक्षी जुळल्या तरच पिशवी पुढे करतो. आंब्याच्या पेटीचा वरचा थर त्याला दिसतच नाही. नजर थेट खालच्या थरावर. दारात अनोळखी माणूस उभा राहिला तर 'या, बसा'च्या आधी 'कोणाचा रे तू?' येते, आणि उत्तरात गाव, वाडी, आजोबांचे नाव आणि जमिनीचा एखादा जुना दावा निघाल्याशिवाय पाण्याचा तांब्या बाहेर येत नाही.

असा हा माणूस धंद्याचा सगळा हिशेब, गिऱ्हाइकांची नावे, कामगारांचे आधार क्रमांक आणि बँकेचे तपशील ज्यात आहेत त्या सर्व्हरचा पासवर्ड, पुण्याहून आलेल्या, गळ्यात निळी पट्टी अडकवलेल्या पोराच्या हातात देतो आणि वर विचारतो, "चहा घेणार ना?"

मारुती मंदिरापासून मिरजोळ्याच्या एमआयडीसीपर्यंत कुठेही जा, कॅनिंगवाला असो, पतसंस्था असो, लॉज असो की दवाखाना, सॉफ्टवेअरवाला निवडण्याची पद्धत एकच. तीन कोटेशने मागवायची. सर्वांत महाग ते बाजूला टाकायचे, सर्वांत स्वस्त त्याला 'अजून किती कमी कराल?' विचारायचे, आणि शेवटी ज्याचा मेव्हणा आपल्या साडूच्या ओळखीचा निघेल त्याला काम द्यायचे. मधे एक डेमो होतो. डेमोत रंगीत वर्तुळे फिरतात, आलेख वर चढतात, आणि त्यात दाखवलेल्या कंपनीला कधीही तोटा झालेला नसतो. मालक एकच तांत्रिक प्रश्न विचारतो, "यातनं जीएसटीचं रिटर्न निघतं ना?" निघते. झाले काम पक्के.

यामागे अज्ञान आहे असे मला वाटत नाही. लाज आहे. माशाबद्दल चुकीचा प्रश्न विचारला तर कोळीण शिवी देईल, पण ती ओळखीची शिवी. सॉफ्टवेअरवाल्याला चुकीचे विचारले तर तो समजूतदारपणे हसतो. रत्नागिरीचा माणूस शिवी पचवतो. ते हसू त्याला पचत नाही. म्हणून तो गप्प बसतो आणि मान डोलावतो, आणि मान डोलावणाऱ्या गिऱ्हाइकाला काय विकायचे हे जगातल्या सगळ्या विक्रेत्यांना माहीत असते.

मुळात सर्व्हर या वस्तूचे रत्नागिरीतले आयुष्य खडतर. त्याची जागा जिन्याखाली, एका बाजूला चपलांचा स्टँड, दुसऱ्या बाजूला सुक्या खोबऱ्याचा डबा. खाऱ्या हवेने स्क्रू गंजतात. पावसाळ्यात उबेला म्हणून पाल आत शिरते आणि एका ठिणगीत दोघांचाही कारभार आटोपतो. वळवाच्या विजेत मोडेम जळतो. दसऱ्याला मात्र त्याला पुसून हळद-कुंकू लावतात, झेंडूचा हार घालतात. बाकी वर्षभरात त्याच्यात एक अपडेटही पडत नाही. मालकाला चिंता एवढीच की पेटी कोणी उचलून नेईल, म्हणून जिन्याखालच्या दाराला सात लिव्हरचे कुलूप. चोर त्या दाराने येतच नाही. तो फोनवरून येतो, आणि आपणच त्याला आत घेतो.

म्हणजे एनीडेस्क, दुरून दुसऱ्याचा संगणक चालवायचे सॉफ्टवेअर. बिल छापायचे थांबले की हिशेबाचे काम बघणाऱ्या वहिनी पुण्याला फोन लावतात. "नंबर सांगा," पलीकडून आवाज येतो. वहिनी तो नंबर मोठ्याने, एकेक आकडा सुटा करून, दोनदा सांगतात. दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांनाही तो पाठ होतो. मग पडद्यावरचा बाण आपोआप हलायला लागतो आणि वहिनी हात मांडीवर ठेवून आदराने बघत बसतात. दर वेळी परवानगीचे बटण दाबायचा दोघांनाही कंटाळा येतो, म्हणून पोरगा कायमचा पासवर्ड लावून ठेवतो. वर्षभरात पोरगा दुसऱ्या कंपनीत जातो. पासवर्ड इथेच राहतो. फेब्रुवारी 2024 मध्ये तर एनीडेस्क बनवणाऱ्या जर्मन कंपनीनेच जाहीर केले की आपल्याच यंत्रणेत कोणीतरी शिरले होते. तिने प्रमाणपत्रे बदलली आणि गिऱ्हाइकांना पासवर्ड बदलायला सांगितले. ही बातमी मी वहिनींना सांगितली तर त्या काळजीने म्हणाल्या, "अगबाई! मग आता त्यांचं दुरुस्त करायला कोण लॉगिन करणार?"

यावर सगळ्यांचे ठरलेले वाक्य असते, "आपल्या आडगावात कोण येतोय हॅक करायला?" मी त्यांना न्हावा-शेव्याची गोष्ट सांगतो. ती सुरू होते युक्रेनमध्ये.

तिथे एम.ई.डॉक नावाचे हिशेबाचे आणि करभरणीचे सॉफ्टवेअर होते. कीव्हमधली एक घरगुती कंपनी ते बनवायची आणि तिथल्या बहुतेक धंद्यांत तेच चालायचे. 27 जून 2017 ला चोरांनी या कंपनीच्या सर्व्हरमधून, तिच्याच अपडेटच्या वाटेने, विष पाठवले. त्याचे नाव नॉटपेट्या. यातला क्रूर विनोद असा की ज्याने शहाण्यासारखे अपडेट घेतले तो आधी मेला. मेर्स्क ही डेन्मार्कची बलाढ्य जहाज कंपनी. तिच्या ओडेसाच्या कार्यालयातल्या एकाच संगणकावर हे सॉफ्टवेअर होते, असे नंतर छापून आले. तेवढे पुरले. तिथून ती लागण जगभर फिरली आणि उरण तालुक्यात, न्हावा-शेव्याला, जेएनपीटी बंदरातल्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या मेर्स्कच्याच गटातल्या टर्मिनलवर येऊन धडकली. संगणक बंद, कंटेनर जिथल्या तिथे. ओडेसातल्या कोणा वित्त अधिकाऱ्याने कर वेळेवर भरायचा म्हणून एक सॉफ्टवेअर घेतले आणि मालाची खोटी झाली रायगड जिल्ह्यात. जूनअखेरीस हापूस संपलेला असतो, म्हणून त्या बातमीने रत्नागिरीची झोप उडाली नाही. हेच एप्रिलमध्ये झाले असते तर आखातात जाणाऱ्या पेट्या बंदरातच पिकल्या असत्या, आणि युक्रेन कुठे आहे हे आमच्या बागायतदारांना नकाशा न बघता कळले असते.

पण या प्रकरणातला माझा लाडका भाग पुढे आहे. कोणाला आत सोडायचे आणि कोणाला नाही हे ठरवणारे मेर्स्कचे मुख्य सर्व्हर जगभरात दीडशेच्या आसपास होते. एक गेला तर दुसरा सांभाळील, या हिशेबाने प्रत्येक जण दुसऱ्याची राखीव प्रत. सगळे एकाच वेळी जातील हे कोणाच्या डोक्यातच आले नव्हते. गेले. उरला एक, आफ्रिकेत घानामध्ये. का? तर हल्ल्याच्या वेळी तिथे लाईट गेलेली होती. मग ती डिस्क इंग्लंडला न्यायची धावपळ. घानातल्या माणसांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता, म्हणून एक जण विमानाने नायजेरियाला गेला आणि तिथल्या विमानतळावर त्याने ती दुसऱ्याच्या हातात दिली. मेर्स्कने 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्याने उभे केले, तोटा 25 ते 30 कोटी डॉलरचा. आणि एवढ्या पसाऱ्याचे मूळ वाचवले ते तिथल्या वीज मंडळाने. हे सांगितल्यापासून आमचे कॅनिंगवाले भाऊ लाईट गेली की महावितरणला शिव्या द्यायच्या आधी क्षणभर थांबतात. "आपली सुरक्षा चालू झाली," म्हणतात. मग देतात.

युक्रेन लांब वाटत असेल तर 31 जुलै 2024 घ्या. त्या दिवशी देशातल्या 300 च्या आसपास छोट्या बँकांच्या खातेदारांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार अडले. बहुतेक सहकारी आणि ग्रामीण बँका. त्यांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर खंडणीखोर व्हायरसचा हल्ला झाला होता, आणि लागण पसरू नये म्हणून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला देशाच्या पैशांच्या जाळ्यातून तात्पुरते तोडले. दुसऱ्या दिवशी जोडले. आता ही सी-एज कोणाची, तर टीसीएस आणि स्टेट बँकेची मिळून. याहून खानदानी घराणे कुठे शोधणार? पण क्लाउडसेक या सुरक्षा कंपनीने मागोवा काढला तेव्हा तिने बोट दाखवले ते सी-एजबरोबर काम करणाऱ्या ब्रॉन्टू नावाच्या तिसऱ्याच कंपनीच्या एका सर्व्हरकडे, जो नीट बंदोबस्तात ठेवलेला नव्हता. म्हणजे बँकेचा सॉफ्टवेअरवाला, आणि त्या सॉफ्टवेअरवाल्याचा सॉफ्टवेअरवाला. म्हणून मी म्हणतो, 'कोणाचा रे तू?' हा प्रश्न बापापाशी थांबवून चालत नाही. आजोबांपर्यंत गेलेच पाहिजे.

(कॉसमॉस बँकेची गोष्ट वेगळी, पण राहवत नाही. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या या बँकेचे 94 कोटी 42 लाख रुपये गेले. चोरांनी एटीएमच्या खऱ्या स्विचला बगल देऊन आपला खोटा स्विच बसवला. कार्ड घातले, पैसे मागितले, की तो 'हो' म्हणायचा. 28 देशांत पैसे निघाले. पुण्यातली संस्था गिऱ्हाइकाला विनातक्रार, चटकन 'हो' म्हणते आहे, इथेच खरे तर कोणाला तरी शंका यायला हवी होती.)

अमेरिकेतही काही वेगळे नाही. सोलरविंड्स कंपनीच्या अपडेटमधून 2020 मध्ये सुमारे 18,000 गिऱ्हाइकांकडे चोरवाट पोचली, त्यात अमेरिकेची सरकारी खातीही. नंतर असे बाहेर आले की कंपनीच्या एका सर्व्हरचा पासवर्ड 'सोलरविंड्स123' असा होता आणि तो इंटरनेटवर उघडा पडलेला होता. चोरी त्यानेच झाली असे काही सिद्ध झाले नाही. पण संसदीय समितीपुढे कंपनीच्या माजी प्रमुखाने सांगितले की ती चूक एका इंटर्नची. आपल्याकडे अशा वेळी शिपाई सापडतो. आमच्या भाऊंना हा पासवर्ड सांगितल्यावर त्यांनी 'काय ही माणसं!' म्हणून कपाळाला हात लावला. त्यांचा स्वतःचा 'हापूस@123' आहे. त्यात अक्षरे आहेत, चिन्ह आहे, आकडे आहेत आणि वर जिल्ह्याचा अभिमान आहे.

आणि विकत न घेतलेल्या, फुकटातल्या सॉफ्टवेअरचेही तेच. जगभरच्या लिनक्स सर्व्हरांत एक्सझेड नावाची एक छोटी वस्तू असते. एका गृहस्थाने दोनेक वर्षे तिच्यासाठी मन लावून फुकट काम केले, विश्वास मिळवला आणि मग हळूच चोरदार बसवले. जमिनीच्या व्यवहारात असे गोड बोलणारे आम्ही लहानपणापासून पाहिलेत, पण संगणकवाल्यांना ते नवे होते. मार्च 2024 मध्ये ते पकडले आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने, कारण त्याला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असे वाटले. रत्नागिरीत हे कधीच पकडले गेले नसते. जुलैत आमच्याकडे लॉगिनचे बटण दाबून माणूस भात लावून येतो.

सरकारने आपल्या परीने नियम केलेत. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या आदेशाप्रमाणे सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचे आणि नोंदी 180 दिवस जपायच्या. आमच्याकडे पहिले चार तास 'बंद करून चालू करा'त जातात, पाचवा तास पुण्याचा फोन लागण्यात, आणि सहावा हे बाहेर कोणाला सांगू नका, असे एकमेकांना बजावण्यात. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात तर लोकांची माहिती नीट न सांभाळल्याबद्दल 250 कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि घोळ तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याने घातला तरी जबाबदारी तुमची. मी हे भाऊंना गंभीर चेहऱ्याने वाचून दाखवले. 250 कोटी ऐकून ते एकदम निर्धास्त झाले. अडीच लाख म्हटले असते तर रात्रभर झोपले नसते.

या सगळ्यात एकच नियुक्ती मला पटलेली आहे आणि तीही अपघाताने झाली. भाऊंना नवे सॉफ्टवेअर घ्यायचे होते. ज्या दिवशी पुण्याचा पोरगा यायचा त्याच दिवशी नेमकी कोर्टात तारीख लागली. घरात होत्या भाऊंच्या आत्या. वय सांगत नाहीत, पण हयातभर त्यांनी कलमांची बाग कराराने दिली आहे. एकदा एका करारवाल्याने न सांगता झाडांच्या मुळांशी कल्टार, म्हणजे बळेच मोहोर आणणारे औषध, बेसुमार ओतले. दोन वर्षे आंबा असा लागला की बघायला माणसे आली, आणि मग कलमे बसली ती बसलीच. तोवर करारवाला दुसऱ्या गावात. तेव्हापासून आत्यांशी करार करायचा म्हणजे वकिलांनाही घाम फुटतो.

पोराने लॅपटॉप उघडला. आत्या झोपाळ्यावर.

"कोणाचा रे तू?"

त्याने कंपनीचे नाव सांगितले.

"कंपनीचं राहू दे. आमच्या सर्व्हरात तू शिरणार कुठून?"

"पुण्याहूनच, काकू. चोवीस तास सपोर्ट आहे आमचा."

"चोवीस तास कशाला? बागेत माणूस येतो तो हाक मारून येतो. काम निघालं की आम्ही दार उघडू, काम झालं की लावू. आत काय केलंस ते लिहून ठेवायचं. तू एकटाच येणार?"

"नाही, टीम आहे. सहा जण."

"सहा जणांना किल्ली एकच?"

पोरगा गप्प.

"मग काही गेलं तर सहातल्या कोणाला धरू? बरं, यंदा नोकरी सोडून किती गेले?"

"तीन."

"त्यांच्याकडची किल्ली परत घेतलीत?"

पोरगा लॅपटॉपच्या पडद्याकडे अशा नजरेने बघू लागला, जणू उत्तर तिथे असावे. मग त्याने पिशवीतून हुकमाचे पान काढले, आयएसओ 27001 चे प्रमाणपत्र. रंगीत, सोनेरी शिक्क्याचे. आत्यांनी ते उजेडाला धरले, चष्मा बदलला आणि त्याच्याकडूनच त्यातला बारीक मजकूर वाचून घेतला. प्रमाणपत्राप्रमाणे कंपनीच्या पुण्याच्या कार्यालयाचा दुसरा मजला सुरक्षित होता. "आणि हे सॉफ्टवेअर बनवतात ती माणसं कुठे बसतात?" आत्यांनी विचारले. तिसऱ्या मजल्यावर.

"असो. आमचा माल ठेवणार कुठे?"

"क्लाउडवर. म्हणजे दुसऱ्या एका कंपनीकडून आम्ही जागा भाड्याने घेतो."

इथे आत्यांचा झोपाळा थांबला. कोकणात सात-बाऱ्यावर ज्याच्या घराण्याचे नाव असते त्याला काही गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत. "म्हणजे तूच तिथलं कूळ! उद्या तू भाडं थकवलंस तर आमचा हिशेब कोणाचा? आणि आम्हीच तुला काढलं तर तो परत देशील तो आम्हाला उघडता येईल अशा रूपात देशील, की तुझ्याच यंत्रात वाचता येईल असा? आणि चोरी झाली तर मला केव्हा कळवणार?"

"ते कंपनीच्या पॉलिसीप्रमाणे, काकू—"

"पॉलिसी एलआयसीची. तू वेळ सांग."

पोराने सगळे प्रश्न वहीत उतरवून घेतले, दोन कोकम सरबते प्यायली आणि 'साहेबांना विचारून सांगतो' म्हणून संध्याकाळच्या गाडीने गेला. मुंबईत आणि बंगळूरमध्ये हीच चौकशी करायला मोठ्या कंपन्या सल्लागार नेमतात, त्याला शंभर-दीडशे प्रश्नांचे एक्सेल शीट असते, ते भरायला विक्रेता एक माणूस ठेवतो, आणि तो माणूस सगळीकडे 'होय' लिहितो. त्या शीटमध्ये झोपाळा थांबण्याची सोय नाही.

पुढे साहेबांचाच फोन आला. भाऊंनी तो स्पीकरवर टाकला. साहेब आधी जरा घुश्शात होते, मग नरमले. म्हणाले, तुमच्या आत्यांमुळे आम्ही तपासले तर गेलेल्या तिघांपैकी दोघांची खाती चालू होती, त्यातला एक तर आता आमच्या स्पर्धकाकडे आहे. क्लाउडवाल्याशी केलेला करार शोधतोय, तो ज्याने केला तो तिसरा. भाव पाच टक्के कमी करतो, प्रत्येकाची वेगळी किल्ली देतो, तुम्ही उघडाल तेव्हाच आत येऊ. फक्त एक विनंती आहे. क्लाउडवाल्याला विचारायला आम्हाला असेच प्रश्न हवेत. आत्या आणखी काही लिहून देतील का?

भाऊंनी फोनवर हात ठेवून आत्यांकडे पाहिले.

"सांगेन तोंडी," आत्या म्हणाल्या. "लिहून काही देत नाही. कागद कोणाच्या हातात पडेल, काय नेम!"